पिवळ्या टोपीची मैत्रीण

माझी लेक नऊ वर्षांची. पाहुणे आले की माझ्या पाठीमागे लपते. नाव विचारलं तरी मान खाली. टॅबवरच्या त्या खेळात मात्र तिची बाहुली उंच, निळ्या केसांची, पाठीवर पंख लावलेली आणि कुणालाही बिनधास्त हाक मारणारी. तिथे कोण कोण येत असेल या विचाराने माझ्या जिवाला घोर लागला. म्हणून मी फोनवर माझीही एक बाहुली बनवली: दहा वर्षांची, दोन वेण्या, पिवळी टोपी. लेकीला काही सांगितलं नाही.

"अगं, तू पोलिसात जायला हवं होतंस. चुकून माझ्या घरात आलीस," नवरा म्हणाला.

हसेना का. थोड्याच दिवसांत आमची गट्टी जमली. मी स्वयंपाकघरात, ती आतल्या खोलीत, मध्ये एक भिंत. "शाळेत काय झालं?" म्हटलं की "काही नाही" म्हणणारी पोर टोपीला सगळं सांगायची. बाई ओरडल्या तेही, डब्यातली भाजी कचऱ्यात टाकली तेही.

आज संध्याकाळी कुकर लावला आणि खेळात शिरले. ती पुलावर उभीच होती.

"टोपे, किल्लीचं आईला बोलले नाही हं. तू नको म्हणालीस ना."

"कुठली किल्ली?" मी लिहिलं.

"विसरभोळी! काल तूच विचारलंस. मागच्या दाराची. बाहेर कुंडीखाली असते, सांगितलं ना? आणि बुधवारी आई उशिरा येते, तेही."

काल मी खेळात गेलेच नव्हते. सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. आणि उद्या बुधवार.

वेण्या काय, टोपी काय, त्या खेळात कुणीही निवडावं असं सामान. कुणीतरी हुबेहूब माझ्यासारखी बाहुली केली होती. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे मी पोरीला घोकून घोकून शिकवलं होतं. तिने ते पाळलंही होतं. ओळख मीच करून दिली होती.

गॅस बंद केला, फोन ओट्यावर टाकला आणि आत धावले.

"पिल्लू, थांब. काही लिहू नकोस. पिवळी टोपी मी आहे."

"काहीतरीच काय, आई!"

"मीच गं. भाजी कचऱ्यात टाकलीस, ते कुणाला सांगितलंस?"

तिचा चेहरा पडला. "म्हणजे ते सगळं तू वाचायचीस?"

"हो. पण कालची मी नव्हते. कोण होतं, मला माहीत नाही."

ती भिंतीला टेकली. माझ्याकडे अशी बघत होती, जशी परक्या माणसाकडे बघते.

तेवढ्यात टॅबवर दुसरी पिवळी टोपी चालत पुलावर आली. माझ्या निश्चल बाहुलीशेजारी उभी राहिली. त्याच वेण्या, तोच फ्रॉक. खाली अक्षरं उमटली.

"ही कोण? माझी नक्कल करतेय. हिच्याशी बोलू नकोस हं."

लेकीने टॅबकडे पाहिलं, मग माझ्या रिकाम्या हातांकडे.

"आई, हिला आपली गल्लीपण माहितीये."

मी तिला उचललं. एवढी मोठी पोर, पण वजन जाणवलं नाही. मागच्या दाराशी गेले आणि आतून कडी सरकवली. नवऱ्याला हाका मारल्या. तो बाथरूममध्ये, नळ सोडलेला. किल्ली बाहेर होती. ती आत आणायची, तर दार उघडायला हवं होतं. लेक माझ्या मानेत तोंड खुपसून रडत होती, आणि माझा हात काही कडीवरून निघेना.