दाखवायचा पत्रा

दोन हजार चौदा साल. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. त्या दिवसांत मी एका माणसाला फसवलं. हे आधीच सांगतो. पुढचं ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मी पत्रा आहे. मोटारीच्या बॉनेटचा. रंग गडद निळा. माझ्याबरोबरचे सगळे गाड्यांवर चढले आणि रस्त्याला लागले. मी कारखान्यातच ट्रॉलीवरून पडलो. एक कोपरा वाकला. तेवढ्यावरून माझी गाडी हुकली. मला गाड्यांच्या शोरूममध्ये पाठवलं आणि एका स्टँडवर आडवं ठेवलं. काम एकच. दाखवायचं.

माझ्या मधोमध चिकटपट्टी लावली होती. डाव्या अंगाला कोटिंग, म्हणजे रंग जपायला वरून पुसतात ते औषध. उजवं अंग तसंच मोकळं. तिथला विकणारा गळ्यात टाय बांधायचा, म्हणून त्याला टायवाला म्हणतो. गिऱ्हाईक आलं की तो माझ्यावर ग्लासभर पाणी ओतायचा. डावीकडे पाण्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळायचे. उजवीकडे पाणी पसरून बसायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "अरे वा!" आणि खिशात हात घालायचं.

यात खोटं काय? दर आठवड्याला, गिऱ्हाइकं यायच्या आत, टायवाला माझं उजवं अंग भांडी घासायच्या पावडरीने खसाखसा घासायचा. डाव्या अंगावर औषधाचा ताजा हात फिरवायचा. मग पाणी तसं वागणारच. मला तोंड नाही, हे खरं. पण खोटं माझ्याच अंगावर होतं.

एक दिवस एक पॉलिशवाला आला. लाकडी सामानाला पॉलिश करणारा. साठी ओलांडलेली. बायको बरोबर होती. गुडघे गेल्यामुळे स्कूटरवरून रंगाचे डबे नेणं त्याला जमत नव्हतं, म्हणून सगळ्यात लहान गाडी घ्यायला आला होता. जन्म घासायच्या मशीनच्या घरघरीत गेलेला. त्यामुळे कानही जवळजवळ गेलेले.

"काका, पाच वर्षं रंगाकडे बघायला नको," टायवाला सुरू झाला. "ऊन लागणार नाही, पक्ष्यांची घाण लागणार नाही, ओरखडासुद्धा नाही!"

"काय?"

"पाच वर्षं! पाच!"

"काय म्हणतोय गं हा?"

"डोंबल म्हणतोय," बायको म्हणाली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "अहो, ते पैसे तुमच्या कानाच्या मशीनचे आहेत!"

"काय?"

टायवाला हसला. त्याने बोलणं सोडलं आणि ग्लास उचलला.

माझा गुन्हा तो हा. टायवाल्याचा एक शब्द त्या माणसाला ऐकू आला नव्हता. त्याला जे पटवलं, ते मी पटवलं.

थेंब घरंगळताना त्याने पाहिले. वाकून माझ्यावर अंगठा फिरवला. डावीकडे अंगठा सरकला. उजवीकडे अडला. पॉलिशवाल्याचा अंगठा तो, त्याला पावडरीचे बारीक ओरखडे लगेच लागले. त्याने मान वर करून टायवाल्याकडे पाहिलं. मला वाटलं, या खोट्यातून सुटलो. आता पकडेल. पण एवढ्या मोठ्या काचेच्या दुकानात कोण मुद्दाम रंग घासत बसेल? त्याच्या बोटाला कळलं, मनाला पटलं नाही. त्याने अंगठा पँटला पुसला.

"हे बघ," तो बायकोला म्हणाला, "अशी चमक हात मारल्याशिवाय येत नाही. कुणीतरी राबलंय यावर. राबायचे पैसे मागतायत, ते द्यायला नकोत?"

त्याचे राबायचे पैसे लोकांनी जन्मभर कापून दिले होते. त्याला दुसऱ्याचे कापायचे नव्हते.

"निळीच द्या," तो टायवाल्याला म्हणाला. "ही अशी."

त्याच्या गाडीचं कोटिंग मागच्या काचेतून मी पाहिलं. एक बाटली, एक फडका. टायवाल्याचा चहा निवायच्या आत काम उरकलं.

पुढे तो सर्व्हिसिंगला यायचा तेव्हा दिसायचा. गाडी छान होती, पण ती त्याच्या हातामुळे. दर आठवड्याला तो स्वतः धुवायचा, पुसायचा. कोटिंगचं पाणी पहिल्या वर्षातच उतरलं होतं. झालेल्या खर्चाची तक्रार करणारा माणूस नव्हता तो. बायकोचा आवाज मात्र ओरडून ओरडून घोगरा झाला होता. फोन ऐकू येत नाही म्हणून त्याची कामं सुटत होती, हे ती काउंटरवर सांगताना मी ऐकलं. तो शेजारी उभा राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

मग शोरूममध्ये मोठा टीव्ही आला. थेंब आता त्यावर घरंगळू लागले. मला मागच्या अंगणात, डेंटरच्या शेडला टेकवून ठेवलं. डेंटर म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून सरळ करणारा. तिथे वर्षानुवर्षं ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला. चिकटपट्टी गळून पडली. डावं कोणतं आणि उजवं कोणतं, ते लांबून कुणाला सांगता आलं नसतं.

मी कोटिंगला सरसकट वाईट म्हणत नाही. पाणी घसरतं, धुणं सोपं होतं. पण ते काही महिने. खडी उडाली तर टवका जातोच. कारखान्यातून निघतानाच आमच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. वेळेवर धुवा, पक्ष्यांची घाण वाळू देऊ नका, अधूनमधून मेण लावा. तेवढ्याने निभतं. कानाच्या मशीनच्या पैशाला हात लावावा, एवढं ते मोठं नाही.

दोन हजार वीसच्या हिवाळ्यात ती निळी गाडी डेंटरकडे आली. ओढून आणली होती. बॉनेटचा पार चुराडा.

"बांधकामावर गेले होते," बायको डेंटरला सांगत होती. "वरून फळी सुटली. सगळे ओरडतायत, मागे घ्या, मागे घ्या! यांना ऐकू येईल तर ना! हे आपले आरामात गाडी पुढे घेतायत. हातभर अलीकडे पडली असती तर..."

मला ते पुरलं.

डेंटरने नव्या बॉनेटची किंमत सांगितली. ती खाली बसली.

"एवढ्या पैशात त्यांचं कानाचं मशीन येतं हो. परत साठवले होते मी."

पॉलिशवाल्याला यातलं काही ऐकू आलं नाही. तो शेडच्या मागे फिरत फिरत आला. सवयीने माझ्यावर अंगठा फिरवला. अंगठा अडला. तो थांबला. परत फिरवला, तिथेच. मला वाटलं, आता लाथ घालेल. घातली असती तरी चाललं असतं.

"हा पत्रा कुणाचा?" त्याने डेंटरला विचारलं.

डेंटरने हातवारे करून सांगितलं. कुणाचा नाही. भंगार.

"बसेल?"

डेंटरने माझा वाकलेला कोपरा दाखवला आणि हातोडी उचलून दाखवली.

"मग ठोक की. बघतोस काय?"

"आणि हा रंग? हे ओरखडे?" डेंटर ओरडला.

ते त्याने ओठांवरून ओळखलं. "ते माझं काम. मला तेव्हाच लागलं होतं बोटाला."

मला ठोकलं. दुखलं, पण मी गाडीवर चढलो आणि नव्या बॉनेटचे पैसे वाचले. मग तो बसला. आधी घासायचा बारीक पेपर आणि पाणी, मग पॉलिश, मग नुसता फडका. दोन्ही अंगांवर सारखे हात मारले. गुडघे दुखले की उठायचा, परत बसायचा. कोटिंगवाल्यांनी त्याच्या गाडीवर न मारलेले हात त्याने माझ्यावर मारले.

आता मी त्याच्या दारात असतो. काल सकाळी तो मला धूत होता. पाठ घराकडे होती. बायको नेहमीसारखी पायरीवरून ओरडली, "अहो, दुसरी बादली ठेवलीय! बादली!"

"ओरडतेस कशाला?" तो म्हणाला. "ठेवलीस ना? कळलं."

मग अगदी हळू, घोगऱ्या आवाजात तिने विचारलं, "चहा घेणार?"

त्याने मान वळवली नाही. फडका फिरवत म्हणाला, "अर्धा कप."

माझं देणं फिटलं.