सुंठीचं मुसकं

मित्रांनो, मी एक जुनं मुसकं आहे. काळ्या तारेचं, पुढे निमुळतं, मागे चामड्याचा पट्टा असलेलं. बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. मी त्याच घराण्यातलं, पण मला बांधतात शर्यतीच्या कुत्र्याच्या तोंडाला. माझं आयुष्य फार मोठं नाही आणि त्यात मिरवण्यासारखंही फारसं काही नाही. तरी सांगते, कारण एक गोष्ट बरेच दिवस मला आतून खाते आहे. ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला म्हणे. मला आठवतं ते मात्र अबू धाबीच्या बाहेरचं वाळवंट. तिथे एका श्रीमंत माणसाच्या कुत्रेखान्यात मी आले आणि एका तांबूस ग्रेहाउंड कुत्रीच्या वाट्याला गेले. लांबलचक पाय, चिंचोळं तोंड, पोट आत गेलेलं. तिला तिथे नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तिची देखभाल करणारा गनी रोज माझ्या पट्ट्याला तेल लावायचा. भल्या पहाटे शर्यत असे. पुढे जीप, जीपच्या मागे दोरीला बांधलेलं सशाच्या कातड्याचं गाठोडं, आणि त्याच्या मागे जीव खाऊन धावणारी सहा कुत्री.

माझं काम शिक्षेचं नव्हतं, हे नीट लक्षात घ्या. शर्यत संपली की सगळी कुत्री त्या गाठोड्यावर तुटून पडायची. त्या झोंबाझोंबीत एकमेकांना दात लागू नयेत म्हणून मी. तिने शर्यत जिंकली की मालक तिच्या पाठीवर थाप मारायचा, फोटो काढून घ्यायचा. त्या सगळ्या फोटोंत तिच्या तोंडावर मी आहे. मला तेव्हा स्वतःचा केवढा अभिमान वाटे.

पाचव्या वर्षी तिच्या मागच्या पायाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पूर्वीचा वेग काही परत आला नाही. मग मालकाचा तिच्यातला रस संपला. अशा निवृत्त कुत्र्यांना घरं मिळवून देणारी एक संस्था दुबईत आहे. गनीने तिला तिथे पोचवलं. सोबत सामान म्हणून एक गळपट्टा आणि मी.

तिला न्यायला विल्मा आली होती. गनी तिला म्हणाला, "मॅडम, ये काटती नहीं. बच्चे को भी नहीं. बस, भागती चीज देखकर इसको होश नहीं रहता. बाहर ये जाली लगाके रखना."

विल्माने मान डोलावली. हे मी का सांगते आहे, ते पुढे कळेल.

विल्मा तुस्कानो मूळची वसईची, दुबईत एका हॉटेलच्या हाऊसकीपिंगमध्ये सुपरवायझर. इंटरनॅशनल सिटीत तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, एल्रॉयचं, एका बेडरूमचं घर. कुत्रीला कायमचं घर मिळेपर्यंत विल्मा तिला सांभाळणार होती. एल्रॉयने दारातच कपाळाला हात लावला.

"विल्मा, तू कुत्रा आणलास की कपडे वाळत घालायचा स्टँड?"

"बघ ना, सुंठीसारखी सुकलीये. रंगपण तोच," विल्मा म्हणाली, आणि पाच वर्षं नंबरावर जगलेल्या कुत्रीला नाव मिळालं. सुंठ.

सुंठीने घर कधी पाहिलेलंच नव्हतं. काचेच्या दारावर ती नाक आपटायची. गुळगुळीत फरशीवर तिचे चारही पाय चार दिशांना जायचे. लिफ्ट हलली की ती थरथर कापायची. पण पंधरा दिवसांत ती सोफ्यावर चारही पाय वर करून झोपायला शिकली. तिची एक सवय फार गोड होती. ती माणसाजवळ उभी राहायची आणि हळूच सगळं अंग त्याच्यावर टेकवायची. एल्रॉय टीव्ही बघताना "सरक गं बाई" म्हणायचा आणि स्वतः मात्र जागचा हलायचा नाही.

मोठ्या कुत्र्याला लिफ्टमध्ये आणि खाली आवारात मुसकं हवंच, असा बिल्डिंगचा नियम होता. त्यामुळे मी रोज सकाळ-संध्याकाळ कामावर असे.

माझ्या मनाला पहिली टोचणी लागली ती दुबईतल्या अल क्वोज भागात. तिथल्या एका गोदामात संस्था दर शनिवारी कुत्री दत्तक देण्याचा कार्यक्रम करायची. माणसं यायची, पिल्लांना उचलून घ्यायची, सेल्फी काढायची. सुंठीजवळ आली की त्यांची नजर आधी माझ्यावर पडायची. आई मुलाला मागे ओढायची. "चावतो का?" हा प्रश्न मी त्या गोदामात किती वेळा ऐकला, त्याला गणतीच नाही. विल्मा समजावून सांगायची, पण तोवर माणसं पुढच्या पिंजऱ्याकडे गेलेली असायची. अकरा शनिवार असेच गेले. माझ्यामागे ते लांब, शहाणं तोंड होतं आणि मी ते कोणाला दिसू देत नव्हते. मला माझीच लाज वाटू लागली.

त्यातच एल्रॉयची नोकरी गेली. महिनाअखेरीला दोघं गाशा गुंडाळून वसईला परत जाणार होती. तिकिटंही काढून झाली.

"हिला घेऊन जाऊ या का?" एल्रॉयनेच एकदा विचारलं.

"आणि घराभोवती सगळ्यांच्या कोंबड्या आहेत, त्यांचं काय?" विल्मा म्हणाली. "पहिल्या दिवशीच गावाशी भांडण."

म्हणजे महिनाअखेरीच्या आत सुंठीला घर मिळायला हवं होतं. नाहीतर ती त्या गोदामातल्या पिंजऱ्यात परत जाणार, आणि सहा वर्षांच्या लंगड्या कुत्रीला तिथून कोण बाहेर काढणार?

बाराव्या शनिवारी एक कुटुंब आलं. विजयकुमार, त्याची बायको अनुराधा आणि नऊ वर्षांची मुग्धा. मूळचे पुण्याचे, राहायला अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीत, छोट्याशा अंगणाच्या घरात. संस्थेच्या पानावर सुंठीचा सोफ्यावरचा फोटो पाहून दीड तास गाडी चालवत आले होते. मुग्धा पळत आली आणि मला पाहून थबकली.

"बट व्हाय इज हर माउथ लॉक्ड?" तिने विचारलं आणि आईच्या मागे लपली. अनुराधाला लहानपणी कुत्रा चावला होता. तीही दोन पावलं मागे सरली. "विचार करून कळवतो हं," विजयकुमार म्हणाला. या वाक्याचा अर्थ एव्हाना मलाही कळत होता.

गाडीत विल्माने मला काढून मागच्या सीटवर फेकलं. "या मुसक्यानेच घात केला," ती म्हणाली. मला ते पटलं होतं.

विल्मा चिवट बाई. तिने अनुराधाला व्हिडिओ पाठवले, फोन केले, घरी चहाला बोलावलं. त्या दिवशी तिने मला कापडी पिशवीत घालून दाराच्या मागे टांगलं. सुंठीचं मोकळं तोंड, तिचे ते मोठे डोळे. अनुराधा खुर्चीत अवघडून बसली होती. सुंठ तिच्याजवळ गेली आणि हळूच तिच्या गुडघ्यांवर टेकली. मुग्धा तिच्या कानांवरून हात फिरवत राहिली. जाताना ठरलं, येत्या शुक्रवारी सुंठीला न्यायचं. दाराच्या मागून मी सगळं ऐकलं आणि मला इतका आनंद झाला. वाटलं, आपण नसलो की हिचं भलं होतं. देवा, मला या पिशवीतच राहू दे.

मित्रांनो, मी ते मागितलं आणि मला ते मिळालं.

बुधवारी संध्याकाळी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानच्या सुमारास विल्मा सुंठीला खाली घेऊन निघाली. पिशवी खांद्याला, पिशवीत मी. लिफ्टपाशी ती क्षणभर थांबली, तिने पिशवीत हात घातला, आणि तसाच बाहेर काढला. आठवडाभर ती मोकळ्या तोंडाच्या सुंठीचं कौतुक ऐकत होती. दोनच दिवस तर राहिले होते. एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ती अनुराधाशी बोलू लागली.

गेटपाशी सिक्युरिटीवाल्या सदानंदची खुर्ची असे. सदानंद राजापूरकडचा, अबोल माणूस. रोज संध्याकाळी तो एका राखाडी मांजरीला ताटलीत ट्यूना मासा घालायचा. आम्ही वळलो तेव्हा ती मांजर गाडीखालून निघून ताटलीकडे पळाली.

पुढचं मी पाहिलं नाही, मी पिशवीत होते. मला हिसका कळला. विल्मा गुडघ्यांवर आपटल्याचं कळलं, सदानंदची खुर्ची पडल्याचं कळलं. मग सगळं शांत झालं. तीन उड्यांत संपलं होतं. माझ्याच कामाची वेळ होती ती, आणि मी हातभर अंतरावर घडी घातलेल्या रुमालाशेजारी आरामात पडून होते.

सदानंदने मेलेली मांजर आपल्या शर्टात गुंडाळली. विल्मा रडत सॉरी म्हणत होती. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, कुत्र्याला काय बोलू? त्याला कुठं कळतंय."

घरी एल्रॉयने तिच्या गुडघ्यांना औषध लावलं. "हे बघ, खलास. झालं ते झालं," तो म्हणाला. "अनुराधाला काही सांगू नकोस. त्यांच्या घरी कुठे मांजर आहे? सांगितलंस तर ते येणार नाहीत, आणि मग हिचं काय?"

थोड्या वेळाने विल्माने मला पिशवीतून काढलं आणि कॉरिडॉरमधल्या, कचरा खाली टाकायच्या झडपेपाशी नेलं. मी दिसले असते तर प्रश्न निघाले असते. सुंठ मागोमाग आली. विल्माने झडप उघडली. तेवढ्यात, मला तिच्या हातात पाहून सुंठीने आपलं तोंड आपणहून माझ्यात घातलं आणि शेपटी हलवत उभी राहिली. तिला वाटलं, फिरायला जायचंय.

विल्मा तिथेच फरशीवर बसली आणि मला उराशी धरून खूप रडली.

दुसऱ्या दिवशी एल्रॉय गाडी चालवत होता आणि विल्मा मागे सुंठीजवळ बसली होती. मी सुंठीच्या तोंडावर होते. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या त्या घराच्या पायरीवर दोन ताटल्या होत्या आणि भिंतीवर तीन मांजरं बसली होती. मुग्धा रोज खाऊ घालायची ती गल्लीतली मांजरं. एल्रॉयने ती पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला.

विल्माने चहा घेण्याआधीच सगळं सांगितलं. काही झाकलं नाही.

"तुम्हाला हे आधी माहीत नव्हतं?" विजयकुमारचा आवाज चढला होता.

"माहीत होतं. ज्याने हिला दिलं, त्याने मला सांगितलं होतं. वसईच्या कोंबड्यांचं मीच बोलले होते. मला विसरायचं होतं. हिला घर मिळावं म्हणून."

"आणि आमच्या दारात हे झालं असतं तर? मुग्धाच्या समोर?"

सुंठ उभीच होती. मग अनुराधा उठली. हिलाच लहानपणी कुत्रा चावला होता, हे विसरू नका. ती जवळ आली आणि तिने भीत भीत माझ्या तारांवर बोट ठेवलं.

"हे घातलं तर ती पाणी पिऊ शकते?"

"हो. जीभपण बाहेर काढते. तिला त्रास होत नाही."

"मग दाराबाहेर पाऊल टाकायच्या आधी हे घालायचं. रोज. मांजरं बाहेर राहतील, ही घरात," अनुराधा नवऱ्याला म्हणाली. "मला दाखवा, कसं बांधायचं."

विजयकुमारने नाही म्हटलं नाही. अनुराधा पट्टा आवळत असताना मुग्धाने विल्माला विचारलं, "डिड द कॅट हॅव अ नेम?"

विल्माला ते माहीत नव्हतं. चार वर्षं ती त्या गेटातून जात-येत होती, पण तिने कधी विचारलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे शुक्रवारी सुंठीचं अंथरूण, वाडगी आणि कोट गाडीत भरून आम्ही निघालो. गेटपाशी विल्माने गाडी थांबवायला लावली आणि सुंठीला घेऊन खाली उतरली. सदानंद खुर्चीवर बसला होता. तिने त्याला मांजरीचं नाव विचारलं.

"चिंगी," तो म्हणाला. "माझ्या धाकटीला घरी चिंगी म्हणतात. दोन वर्षं झाली, गावी गेलो नाही." मग त्याची नजर सुंठीवरून माझ्यावर आली. "मॅडम, हे त्या दिवशी कुठं होतं?"

"पिशवीत," विल्मा म्हणाली.

त्याने मान हलवली आणि गाडी जाऊ देण्यासाठी दांडा वर केला.

आता सुंठ त्या अंगणाच्या घरात सुखात आहे. मुग्धा रोज संध्याकाळी मला बांधते, पट्ट्याखाली दोन बोटं जातात का बघते, आणि मगच दार उघडते. भिंतीवरची मांजरं आम्हाला पाहून जागची हलतसुद्धा नाहीत. रस्त्यात माणसं अजूनही मला पाहून बाजूला होतात. होऊ देत.

मित्रांनो, तोंडाला मुसकं बांधलेला कुत्रा दिसला तर त्याला दुष्ट समजू नका. कोणीतरी त्याची आणि दुसऱ्या कोणाची तरी काळजी घेतं आहे, एवढंच समजा. असे पुष्कळ निवृत्त कुत्रे घराची वाट बघत आहेत. त्यांना न्या, पण आधी त्यांच्याबद्दल सगळं विचारा, आणि देणाऱ्यांनो, तुम्हीही सगळं सांगा. आणि तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं मुसकं असेल, तर लोक काय म्हणतील म्हणून ते पिशवीत ठेवू नका. मला लोकांच्या नजरेची लाज वाटली होती. माझी ती लाज चिंगीच्या जिवावर बेतली.