घासलेली खुंटी

घड्याळजींच्या बायकोच्या शस्त्रक्रियेला अठरा दिवस झाले होते. मानेचे दोन मणके धातूच्या पट्टीने जोडले होते, आणि ते नीट धरेपर्यंत मागून धक्का बसता कामा नये, हे डॉक्टरांनी घड्याळजींना तीनदा बजावले होते. तरीही तपासणीला जायचे ते जुन्या गाडीतूनच, हा हट्ट तिचाच होता. तिच्या सासऱ्यांनी घेतलेल्या त्या गाडीची मागची सीट सोफ्यासारखी रुंद होती; उशांना टेकून अर्धवट आडवे होता येई. नव्या गाडीत बसले की कपाटात ठेवल्यासारखे वाटते, असे ती म्हणे.

मुलीची हरकत सीटला नव्हती, दिव्यांना होती. गाडी तीच चालवणार होती. गेल्या वर्षी एका बसने तिला मागून ठोकले होते, आणि खाली उतरून बसचालकाने शांतपणे सांगितले होते की बाई, तुमचा ब्रेकचा दिवा म्हणजे विझत आलेली सिगरेट आहे. म्हणून सगळे बल्ब काढून एलईडी बसवायचे ठरले. गॅरेजमधल्या वायरमनला बोलावू या, असे मुलीने सुचवून पाहिले. चाळीस वर्षे केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेल्या घड्याळजींनी त्यावर आपली हत्यारांची पेटीच उघडली.

वळणाचे दिवे त्यांनी सुरेख केले. एलईडी वीज फार थोडी ओढतात, त्यामुळे जुना फ्लॅशर उघडझाप करायलाच तयार होईना. त्यांनी नवा आणला, स्टॉपवॉच लावून मोजले; मिनिटाला बरोबर ऐंशी. गाडीने वेळ दाखवायची नाहीये बाबा, असे मुलगी म्हणाली तेव्हा आतल्या खोलीतून हसण्याचा आणि लगेच कण्हण्याचा आवाज आला.

ब्रेकच्या दिव्याशी मात्र हात अडला. तिथे एकाच बल्बमध्ये दोन प्रकाश होते: गाडीचे दिवे लावले की मंद, ब्रेक दाबला की प्रखर. बल्बच्या टोपणाला दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या होत्या आणि त्या खाचेत फिरवून बसवायच्या होत्या. एक खुंटी दुसरीपेक्षा किंचित वर होती, म्हणून बल्ब फिरेना. जुने बल्ब गंजून तुकड्यातुकड्यांनी निघाले होते. ताडून पाहायला काही उरले नव्हते. खालीवर असलेल्या खुंट्या घड्याळजींना आयुष्यात कधी खपल्या नव्हत्या. दुसरा बल्बही तसाच निघाला तेव्हा त्यांनी कारखान्याच्या नावाने चुकचुकून बारीक कानस घेतली आणि दोन्हींची वरची खुंटी घासून टाकली. बल्ब अलगद बसले. मुलीने ब्रेक दाबला तशी मागची भिंत लालभडक झाली. इतका उजेड त्या दिव्यांतून कधीच पडला नव्हता. तेवढ्यावर दोघांचेही समाधान झाले.

सकाळी दहाला गाडी निघाली. तपासण्यांना संध्याकाळ होणार होती आणि घड्याळजींना दुकान उघडायला परतायचे होते, म्हणून ते स्कूटरवरून मागे होते. गाडीच्या मागच्या काचेतून बायकोच्या मानेची पांढरी कॉलर दिसत होती. रस्ता मोकळा होता, मुलगी गाडी फुलासारखी नेत होती, आणि घड्याळजी आपल्या कामाकडे कौतुकाने पाहत होते.

मग बोगदा आला. आत शिरताच मुलीने दिवे लावले आणि गाडीच्या पाठीवर दोन निखारे फुलले. घड्याळजी मनातून सुखावले. पुढच्याच क्षणी गाडी एकदम मोठी झाली. इतकी जवळ, की बंपरवरचा जुना पोचा दिसला. त्यांनी दोन्ही ब्रेक आवळले. स्कूटरचे मागचे चाक आडवे सरकले आणि बंपरपासून हातभर अंतरावर थांबले. पुढे रांग अडली होती. मुलीने ब्रेक दाबलेला होता. दिव्यांत तसूभरही फरक पडला नव्हता.

दोन श्वासांत त्यांना सगळे कळले. त्या खुंट्या मुद्दाम खालीवर केलेल्या होत्या. बल्ब उलटा बसू नये म्हणून. तो त्यांनी उलटा बसवला होता. आता दिवे लावले की प्रखर आणि ब्रेक दाबला की मंद, म्हणजे प्रखरात मंद मिसळणार, म्हणजे काहीच दिसणार नाही. भिंत लाल झाली ती मंद उजेडाने. जुन्या बल्बांच्या मानाने तोही डोळे दिपवणारा होता.

रांग हलली. त्यांनी मागे पाहिले. पाण्याचा टँकर येत होता.

पुढे जाऊन मुलीला थांबवावे, हा पहिला विचार. पण ते पुढे गेले की टँकर थेट तिच्या मागे येणार होता, आणि टँकरवाल्याला ती थांबली हे शेवटपर्यंत कळणार नव्हते. फोन ती चालवताना उचलत नसे. घड्याळजी होते तिथेच राहिले. ती ब्रेक कधी लावते हे दिव्यांवरून कळणार नव्हते. म्हणून त्यांनी दिव्यांवरून नजर काढली आणि काचेतल्या पांढऱ्या कॉलरवर ठेवली. कॉलर केसभर पुढे सरकली की गाडी मंदावतेय. तेवढी खूण त्यांना पुरेशी होती. लगेच डावा हात बाहेर काढून ते खालीवर हलवत, आणि पायाने ब्रेक दाबत-सोडत आपला लहानसा दिवा लुकलुकता ठेवत.

टँकरचा हॉर्न बोगदाभर घुमला. हात तसाच हलत राहिला. कॉलर सरकली, हात. कॉलर स्थिर, थोडा वेग. एकदा टँकरच्या इंजिनाची ऊब पाठीला जाणवली. वळून पाहण्याची हिंमत त्यांना झाली नाही; पाहिले असते तर कॉलर निसटली असती.

उजेडात येताच रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवायची जागा होती. ते मुलीच्या बरोबरीला गेले आणि तिला थांबायला लावले. टँकरही थांबला. चालक दार आपटून उतरला.

"काका, घरी भांडण करून निघालात का? मरायला माझीच गाडी सापडली?"

घड्याळजींनी हात जोडले आणि ते गाडीकडे गेले. बायकोला मान वळवता येत नव्हती. तिने काय झाले म्हणून विचारले, तसे ते खिडकीपाशी तिच्या समोर येऊन वाकले. दिवा सैल झाला होता, हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होते.

"दिवे उलटे बसलेत," ते म्हणाले. "माझ्या हातून. बसत नव्हते म्हणून मी खुंटी घासली." मग ते मुलीकडे वळले. "तू ब्रेक लावत होतीस, बयो, आणि मागे काहीच दिसत नव्हतं."

मुलीने आईच्या कॉलरकडे पाहिले, मग टँकरच्या तोंडाकडे.

"संपूर्ण बोगदाभर?"

"संपूर्ण."

मुलगी खाली उतरली. डिकीतला स्क्रू-ड्रायव्हर तिनेच काढला. लाल काचा उतरवल्या, बल्ब अर्धा वळसा फिरवून बसवले. खुंटी उरलीच नव्हती, त्यामुळे ते कसेही बसत होते. तिने प्रत्येक बल्ब दोनदा ओढून पाहिला. मग दिवे लावून तिने ब्रेक दाबला. घड्याळजी बघायला पुढे झाले, तशी ती खिडकीतून म्हणाली, "तुम्ही नका सांगू. त्यांना सांगू द्या."

टँकरवाला दहा पावले मागे गेला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. तिने दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"आता दिसतंय," तो म्हणाला. "लख्ख."

बायकोने खिडकीतून हात बाहेर काढला आणि घड्याळजींचे मनगट धरले. त्यांची नाडी जोरात उडत होती; तिने पकड सोडली नाही.

"दुकान राहू दे आज," ती म्हणाली. "दवाखान्याजवळ कुणी वायरमन असेल तर त्याला आण. तो सांगेल तसं होऊ दे. तू फक्त उभा राहा."

"राहीन," घड्याळजी म्हणाले.

मुलीने गाडी सुरू केली. टँकरवाल्याने हात दाखवून मागची वाहने अडवली, आणि तिला आधी रस्त्यावर जाऊ दिले.