आर्डिथ येऊन गेली

"आता कॅमेरा टेबलाखालून फिरवा," लॅपटॉपमधला माणूस म्हणाला.

ट्रिना युर्गन्सने लॅपटॉप उचलून टेबलाखाली धरला. तिथं पावाचा चुरा होता आणि धाकट्याचा एक मोजा.

"तो मोजा उचला."

तिनं मोजा खिशात कोंबला. भिंतीवरचं कॅलेंडर, फ्रिजवरची मुलांची चित्रं तिनं आधीच काढून ठेवली होती. स्वयंपाकघर कुणी सोडून गेलेल्या भाड्याच्या घरासारखं दिसत होतं.

"पेपर संपेपर्यंत खोलीत कुणी येणार नाही ना? कुणी आलं की पेपर तिथंच बंद होतो."

"कुणी नाही येणार. सगळ्यांना सांगितलंय."

सांगितलं होतंच. नवरा कर्ट मुलांना आणि कुत्र्याला पिकअपमध्ये घालून गेला होता. सासूला बजावलं होतं. शेजारच्या आर्डिथला तेवढं सांगितलं नव्हतं. विसरली असंही म्हणवत नाही. आर्डिथ कोल्टरमन म्हातारी दिवसातून दोनतीनदा मागच्या दारानं आत यायची, भांडं ठेवायची, भांडं न्यायची. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या त्या गावात मागच्या दाराला कुलूप घालायची रीतच नव्हती. आणि आर्डिथचं येणं म्हणजे 'कुणी येणं', हे ट्रिनाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

ट्रिना धान्याच्या कोठारात काट्यावर बसून ट्रकांची वजनं करायची. शिवाय गावच्या रुग्णवाहिकेवर विनावेतन जायची. गावचा म्हातारा डॉक्टर निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. मग एका थंडीत आर्डिथचा नवरा व्हर्जिल शहरातल्या हॉस्पिटलकडे नेताना वाटेतच गेला. त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून ट्रिनाच बसली होती. त्यानंतर ती डॉक्टर व्हायचं म्हणू लागली, एकोणचाळिसाव्या वर्षी. मेडिकलला अर्ज करायचा तर आधी विज्ञानाचे विषय पुरे करायला हवेत. ते शिकवणारं कॉलेज दोन तासांवर. म्हणून सगळं घरबसल्या, याच टेबलावर. जीवशास्त्र झालं, भौतिकशास्त्र झालं. काट्यावर येणारे शेतकरी खिडकीतून हात पुढे करून म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, माझ्या मक्याची नाडी बघता का जरा?" ती हसून पावती द्यायची. हा सेंद्रिय रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर राहिला होता.

पेपर बरा चालला होता. निम्म्याच्या वर झाला असेल, तेव्हा मागचं दार करकरलं.

पेपर आहे हे आर्डिथला ठाऊक होतं, म्हणून ती चवड्यांवर चालत आत आली. एका हातात राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं, दुसऱ्या हातात दालचिनीचे रोल. भांडी तिनं आवाज न करता शेगडीवर ठेवली. ट्रिनानं मान हलवली, हातानं नको नको केलं. आर्डिथला वाटलं, पोर घाबरलीय. ती जवळ आली, ट्रिनाच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी वाकून काहीतरी पुटपुटली आणि तोंडावर बोट ठेवून मागे सरकली.

"चालू दे तुझं. मी आलेच नाही असं समज."

दार लागलं तेव्हा लॅपटॉपचा पडदा पांढरा झाला होता. पेपर बंद.

संध्याकाळी सगळ्यांनी चिली खाल्ली. आर्डिथ पातेलं न्यायला आली.

"कसा गेला गं पेपर?"

"संपला एकदाचा," ट्रिना म्हणाली.

सोमवारी कॉलेजचा निरोप आला. परीक्षेत बाहेरच्या माणसाची मदत घेतल्याचा संशय आहे. त्या व्यक्तीला घेऊन चौकशीला कॅमेऱ्यासमोर बसावं, नाहीतर शून्य गुण आणि तसा शेरा. मेडिकलच्या अर्जात त्या शेऱ्याची कबुली द्यावी लागते, हे ट्रिनाला पाठ होतं.

"सांग तिला," कर्ट म्हणाला.

"लाजेनं मरेल रे ती."

"आणि नाही सांगितलंस तर? दोन वर्षं आम्ही या टेबलावर जेवलो नाही, उभ्यानं जेवतोय. ते कशासाठी?"

ट्रिना अंगण ओलांडून गेली. आर्डिथनं ऐकून घेतलं. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"म्हणजे मी आले म्हणून."

"तसं नाही गं. त्यांचे नियमच तसले…"

"मी आले म्हणूनच ना?"

ट्रिनाला खोटं बोलता आलं नाही.

"कधी बसायचंय त्यांच्यापुढं?" आर्डिथनं विचारलं.

चौकशीला ती चर्चचा निळा पोशाख घालून आली, गळ्यात मोत्यांची माळ. पडद्यावर कॉलेजची दोन माणसं होती, एक बाई, एक तरुण. आर्डिथ हात मांडीवर ठेवून ताठ बसली.

"खोलीत येताना तुम्ही काही आणलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"चिली. आणि रोल."

"कागद, टिपणं?"

"अहो, शाळा सुटल्यावर मी रसायनाचं नाव घेतलं नाही. सोडा आणि व्हिनेगर, एवढंच येतं. तेही मोरी साफ करायला."

तरुण हसला. बाई हसल्या नाहीत.

"तुम्ही यांच्या कानात काहीतरी सांगितलंत. काय सांगितलंत?"

आर्डिथनं ट्रिनाकडे पाहिलं, मग माळेला हात लावला.

"सांगायलाच हवं का?"

"हो. क्षमा करा."

"मी म्हटलं, व्हर्जिल वरून बघतोय, नीट लिही. व्हर्जिल माझा नवरा. हिच्या हातात गेला. रस्त्यावर. तेवढंच म्हटलं. उत्तर नाही सांगितलं कसलं."

बाईंनी चष्मा काढला. "आम्ही कळवू," त्या हळूच म्हणाल्या.

संशय मागे घेतला गेला. शेरा आला नाही. नव्या वर्षात ट्रिनानं पेपर पुन्हा दिला, चांगले गुण मिळवले. ते कळलं त्या दुपारी काट्यावर एका शेतकऱ्यानं टोपी काढून तिला नमस्कार केला. थट्टेनं की खरंच, ते तिला नीट कळलं नाही. घरी येऊन तिनं फ्रिजवर चित्रं पुन्हा लावली. आर्डिथला सांगायला तिकडे निघणार, तेवढ्यात फोन वाजला. आर्डिथचाच होता.

"मी यायला चालेल का आत्ता?"

ट्रिनानं खिडकीतून पाहिलं. आर्डिथ आपल्या अंगणात वाऱ्यात उभी होती, फोन कानाला लावून, नजर जमिनीकडे.

"अगं, विचारतेस काय? ये की!"

"नाही, काही चालू असेल तर… मी मग येईन. तू सांगशील तेव्हा."

"काही चालू नाही गं."

"नक्की ना?"

"नक्की. ये."

आर्डिथनं फोन कानापासून काढला, बंद करायचं बटण शोधलं, ते सापडायला तिला वेळ लागला. मग ती निघाली. चालता चालता तिनं केसांवरून हात फिरवला, कोटाचं वरचं बटण लावलं, परक्या घरी जाताना लावतात तसं.