बियाला राखलेला दुधी

मस्कतमध्ये उमेदीची सगळी वर्षं घालवून अब्बास कायमचा आपल्या खांब गावी परत आला तो ऐन भातकापणीत, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्याने घराला शिस्त लावायला घेतली. तिकडच्या कंपनीत तो सुपरवायझर होता. हाताखाली माणसं असायची सवय, आणि इथे हाताखाली कोण, तर बायको आमना आणि दोन शेळ्या. शेळ्या त्याचं ऐकत नव्हत्याच. आमना मात्र ऐकून घेई. इतक्या वर्षांनी माणूस घरी आलाय, चार दिवस बोलेल आणि थांबेल, असा तिचा हिशेब होता. तो सपशेल चुकला.

थंडी पडायला लागली तशी परसातल्या वाडीची वेळ आली. कुठे काय लावायचं ते आमनाच्या डोक्यात कायमचं ठरलेलं असे: विहिरीपाशी मुळा आणि लाल माठ, बांधाच्या कडेने वाल, उन्हाच्या अंगाला वांगी आणि मागच्या मांडवावर पावसाळ्यात चढवलेला दुधी. अब्बासने ओसरीवर खडूने वाडीचा नकाशा काढला आणि रोह्याच्या दुकानातून बियांची रंगीत पाकिटं आणली. कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची. पाकिटावरची चित्रं अशी झकपक, की भाजी उगवली नाही तरी चालेल, पाकीटच शिजवावं असं वाटे.

"कोबी लावा तुमचा," आमना म्हणाली, "मुल्याचं नि माठाचं बी मी राखेत घालून ठेवलंय, ते माझं."

"आनि मांडवावर?"

"मांडवावर माझा दुधी. त्येच्यात बोलू नका."

अब्बास हसला, पण नकाशात मांडवाच्या चौकोनात त्याने निमूटपणे दुधी लिहिला.

या दुधीवर आमनाचा जीव होता आणि का असू नये? अब्बास पहिल्यांदा विमानात बसला त्या साली तिने बाजारच्या दुधीचं बी लावलं होतं आणि निम्मे दुधी कडूजहर निघाले होते. कडू वेल तिने उपटून टाकले, गोडाचं बी ठेवलं. पुढे दरसाल तिची निवड चालू राहिली. बुटका, अंगाने भरलेला, मानेवर पांढरे ठिपके असलेला तोच ठेवायचा, बाकीचे खायचे. करता करता असा दुधी तयार झाला, की तो कधी कडू निघत नसे आणि वेल नुसता लगडलेला असे. घर सासऱ्याचं होतं, पैसा मस्कतचा होता. हा दुधी तेवढा तिचा स्वतःचा होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. पावसाच्या तोंडावर गावातल्या बाया बी मागायला येत, ती हात आखडता न घेता देऊन टाकी. नवा बियाचा दुधी मांडवावर धरणारच असे, मग जुनं साठवायचं कशाला?

बियाला राखायचा दुधी ओळखू यावा म्हणून त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायची रीत. चिंधी बघितली की गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्याला हात लावीत नाही. पण अब्बासची हयात वाळवंटात गेलेली. एके दिवशी आमना रोह्याला बाजाराला गेलेली असताना मस्कतचा त्याचा एक जुना सोबती महाडहून मुंबईला जाता जाता खांबला उतरला. अब्बासने त्याला हौसेने वाडी दाखवली, मांडवाखाली नेलं, आणि तिथे उरलेला एकुलता मोठा दुधी देठापासून कापून त्याच्या हातात दिला. घरचा माल, असं वर ऐकवलंही.

संध्याकाळी आमना आली तर मांडव मोकळा. खाली मातीत चिंधी पडलेली.

"कोनीतरी चिंधी बांधून ठेवलेली त्येला," अब्बास म्हणाला, "मी काढून टाकली. पावन्याला देताना बरं दिसत नाय ते."

आमना ती चिंधी उचलून रडायला लागली. वेलावरचे बाकीचे दुधी कधीच खाऊन झाले होते, वेलही वाळत आला होता. गेला तो दुधी मुंबईहून परत आणूनसुद्धा उपयोग नव्हता, आतलं बी अजून कोवळंच असणार.

"त्यात रडन्यासारखं काय झालं? रोह्यात पाकीट मिलतं दुधीचं. उद्याच आनतो."

तेव्हा मात्र आमनाचा आवाज चढला. लग्न झाल्यापासून नवऱ्यावर तो कधी चढला नव्हता.

"पाकिटात माझी वर्सं हायत काय?"

अब्बास उठला, आत गेला, आणि त्या रात्री जेवलाही नाही. माणूस तोंडाळ होता पण वाईट नव्हता, हे सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी हाच सुपरवायझर घरोघर हिंडून दुधीचं बी मागत होता. आणि घरोघर त्याला एकच उत्तर मिळत होतं. आमना दरसाल देते ना, मग आमी कशाला ठेवू? जिने साऱ्या गावाला बी पुरवलं, तिच्यासाठी गावात एक दाणा नव्हता. अब्बास घरी आला, खडू घेऊन ओसरीवर बसला आणि मांडवाच्या चौकोनात काकडी लिहू का म्हणून भीतभीत विचारता झाला.

"मोकला ऱ्हाऊ दे," आमना म्हणाली. "त्या मांडवावर दुसरं काय चढायचं नाय."

त्याच आठवड्यात अब्बासची बहीण नूरबानो पेणहून आली. तिने कधीकाळी भाभीकडून नेलेलं बी शेजारीपाजारी वाटलं होतं. तिच्या स्वतःच्या परसात आता लाद्या बसल्या होत्या. पण तसला ठिपक्याचा दुधी पेणच्या बाजारात आपण मागे बघितला, असं तिने शपथेवर सांगितलं. एवढं ऐकल्यावर अब्बास कुठला थांबतोय! सकाळच्या पहिल्या एसटीने नवराबायको पेणला निघाले. दिसला नाही तर काय, एवढंच वाटभर आमनाच्या मनात घोळत होतं.

दिसला. भाजीवाल्या बायांच्या रांगेत, वालाच्या शेंगांच्या ढिगाशेजारी, तीन बुटके दुधी मांडून एक दणकट बाई बसली होती. मानेवर पांढरे ठिपके. आमनाचे पाय तिथेच थांबले.

"घे गो बाय," ती बाई म्हणाली. तिचं नाव बायजाबाई. "आमनाचा दुधी हाय. कडू निघाला तर पैसं परत."

"कुनाचा म्हनालीस?"

"आमनाचा. सगला बाजार ह्येला आमनाचा दुधीच म्हंतो. रोह्याकडं कोन आमना व्हती, तिचं बी. आमच्या खारेपाटातल्या जमिनीत दुसरा दुधी जीव धरत नाय, ह्यो धरतो."

"व्हती?" अब्बासने विचारलं.

"जुनी बाय असंल, आता कुठली ऱ्हायला! पन मी दरसाल पयला दुधी इकत नाय. तिच्या नावानं शेजारी देते."

आमनाला हसावं की रडावं कळेना. एवढ्या लांब, खाऱ्या मातीत, आपल्याला न पाहिलेली माणसं आपलं नाव घेतात हे ऐकून तिचा ऊर भरून आला. तिने पदर सावरला आणि थोडं बी मागितलं.

बायजाबाईने हात मागे घेतला. "दुधी ने, वाटल्यास फुकट ने. बी मी असं कुनाला देत नाय. मागं एकीला दिलं, तिनं शेजारी भलत्याच दुधीचा वेल चढवला आनि दुसऱ्या साली सगला कडू. आमनाचं नाव खराब झालं फुकटचं. सांग बगू, बियाला कंचा दुधी राखशील?"

आमनाची आमनाच्याच दुधीवरून परीक्षा! पण तिला राग आला नाही. उलट आपलं बी योग्य हातात पडलंय याचं समाधानच वाटलं.

"बुडापासून तिसरा," ती म्हणाली. "पयला नाय, शेंड्याकडचा तर अजाबात नाय. आनि वेल वालेपर्यंत त्येला सुरी लावायची नाय."

अब्बास जमिनीकडे बघू लागला.

बायजाबाई डोळे बारीक करून आमनाला न्याहाळत राहिली. "ह्ये तुला कोनी सांगितलं?"

आमना पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मी अमुक, असं सांगायची पाळी तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"तिला कोन सांगनार?" अब्बासचा आवाज रांगेच्या टोकापर्यंत गेला. "हीच ती आमना! चांगली जिती हाय. आनि तिचा बियाला राखलेला दुधी कापून पावन्याला देनारा गाढव मी!"

बायजाबाई ताडकन उठली. "अगो सरू, अगो धोंडुबाई, आमना आली! दुधीवाली आमना!" तिने टोपलीमागून एक सुका दुधी काढला. पारखून घेतलेल्या एका बाईला द्यायला म्हणून तो आणलेला होता. तिला दुसरा देईन म्हणत तिने तो आमनाच्या कानाशी हलवला. आत बी खुळखुळलं आणि आमनाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"निम्मं बी बास झालं," ती म्हणाली.

"समदं ने. तुजंच हाय."

तोवर बाया गोळा झाल्या. एकीचा दुधी धरून गळत होता, दुसरीच्या मांडवाला मुंग्या लागल्या होत्या. बायजाबाईने पोतं अंथरून आमनाला मधोमध बसवलं. आमना एकेकीला सांगत गेली, आधी हळू, मग भरल्या आवाजात. परतीची एसटी गेली तरी कुणी उठलं नाही.

अब्बास समोरच्या हॉटेलातून सगळ्यांसाठी चहा घेऊन आला आणि वाकून एकेकीच्या हातात कप देऊ लागला.

"ह्यो बाप्या कोन गो?" मागून कुणीतरी विचारलं.

"मी?" अब्बास ताठ उभा राहिला. "मी आमनाचा घरवाला."