भिरभिरीच्या पायातला पट्टा

दचकू नका. टुंग टुंग वाजलो म्हणून मी काही बॉम्ब नाही. बायकांच्या घोट्याला बांधतात तो काळा रबरी पट्टा मी, अंगावर काड्यापेटीएवढं यंत्र वागवणारा. जिच्या पायात असतो ती कुठे आहे हे मला कळतं आणि तेवढंच मी कचेरीला कळवतो. वाजणं रोजचंच आहे. आज जरा बोलावं म्हणतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. हातमोजे घातलेल्या बायका ओळीने बसून आमच्या पोटात तारा भरत. एकीने गंमत म्हणून मला स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं. "घट्ट होतोय गं," ती म्हणाली. शेजारीण हसली, "सैल असून कसं चालेल?" माझी पत्रिका त्या दोघींनी तिथेच मांडली.

तिथून मी देखरेखीच्या कचेरीत आलो. एखाद्या बाईच्या हातून गुन्हा घडतो, पण तिला तुरुंगात डांबण्यापेक्षा घरी ठेवून, उपचार देऊन, कामाला लावून माणसांत परत आणता येईल, असं न्यायाधीशांना वाटतं. अशा बायकांसाठी आम्ही. माझ्या पहिलीने मला जाड मोज्यात कोंडलं. दुसरीने माझ्यावर फुलाफुलांचं कापड शिवलं, जणू मी उशी! तिसरी भिरभिरी.

हे नाव तिला उपचार केंद्रातल्या मावशीने ठेवलं. मावशी तिथली जुनी खेळाडू. दारूच्या नशेत गाडी दुकानात घुसवली म्हणून केंद्रात आली होती. तिचा पट्टा सुटून बरेच दिवस झाले तरी नव्या बायकांना सांभाळायला ती येत राहिली. पहिल्याच दिवशी गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सगळ्या बसल्या, ही मात्र उठे-बसे, खिडकीशी जाई, परत येई. मावशी म्हणाली, "अगं भिरभिरे, बूड टेक. वारा पडला म्हणून समज."

वारा पडत नव्हता. मला चेहरा दिसत नाही, पण पाय कळतो, आणि तो पाय काही केल्या ठरत नव्हता. मला रोज वीज पाजावी लागते. तेवढा वेळ भिंतीजवळ तारेने बांधून बसायचं, तर तिची टाच फरशीवर टकटक टकटक. खालच्या मजल्यावरचा शेजारी काठीने छत ठोकायचा.

ती रुग्णालयात आया होती. आजारी माणसं उचलता उचलता तिची कंबर गेली. दुखण्यावर गोळ्या घेतल्या, मग दुखणं गेलं तरी घेतल्या, मग घेतल्याशिवाय सकाळच होईना. शेवटी ती रुग्णांच्या गोळ्या पळवू लागली आणि त्यातच पकडली गेली. एका म्हाताऱ्याच्या वाट्याच्या गोळ्या हिने गिळल्या आणि तो कण्हत राहिला. केंद्रात बाकी सगळं ती सांगायची. म्हाताऱ्यापाशी आली की पाय थंडगार पडायचा आणि गोष्ट तिथेच थांबायची.

तिची मुलगी मोठ्या बहिणीकडे होती. ही बहीण म्हणजे ताई, तोंडाने फटकळ आणि मनाने लोण्यासारखी, पण तेव्हा लोणी फार घट्ट झालं होतं. "तू आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, मग लेकीचं बघू," असं ती फोनवर म्हणायची. त्या 'पाया'चा एवढा बोभाटा व्हायचा की मलाच अवघडायला होई.

घर, केंद्र, कपडे धुण्याचा कारखाना आणि मधले रस्ते, एवढी तिची हद्द. कारखान्यात हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल येत. वाफेने पायाला घाम सुटे, मी घसरे, कातडी सोलवटे. तरी ती टिकली. मुकादम बाई कडक होती, पण एकदा तिने न बोलता पुढ्यात मलम ठेवलं. लघवीच्या तपासण्या स्वच्छ येत गेल्या आणि एक दिवस ताईने कबूल केलं, "शनिवारी संध्याकाळी घेऊन येते. रात्रभर राहील तुझ्याकडे."

त्या शनिवारी भिरभिरीचा पाय पहिल्यांदा नाचल्यासारखा चालला. काम सुटायला थोडा वेळ उरला होता. अभ्रे उलटे करून झटकताना एकातून काहीतरी खाली पडलं, अगदी माझ्यासमोर. गोळ्यांचं अर्धं पाकीट. कोणा पाहुण्याचं उशीत राहिलेलं. ती वाकली आणि वाकलेलीच राहिली. माझ्याखालची नस धाडधाड उडत होती. मग पाकीट उचललं गेलं.

मुकादम बाईला दिलं असतं तर? पण गोळ्या चोरणाऱ्या बाईच्या हातात गोळ्या बघून 'सापडल्या' हे कोण मानणार? ती बाहेर पडली. घराच्या रस्त्याला लागली, थांबली. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. मग तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, माझ्याकडे गोळ्या आहेत."

"किती खाल्ल्यास?"

"एकही नाही."

"गटारात टाक."

"हात उघडत नाही गं मावशी. घरी गेले आणि दार लागलं की मी त्या घेणार. मला माहितीये."

पलीकडून मावशीचा श्वास ऐकू आला. न्हाणीघरात घसरून तिने पाय मोडून घेतला होता, प्लास्टर होतं. "मी येऊ शकत नाही. तू ये. बाईंना फोन कर आणि ये."

बाई म्हणजे देखरेखीच्या अधिकारी. भिरभिरीने फोन लावला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला नाही. मावशीचं घर पुलापलीकडे, हद्दीच्या बाहेर. आणि इकडे घरच्या जिन्यात थोड्याच वेळात तिची लेक येणार होती.

पूल आला तसा मी वाजलो. मी वाजणारच, माझा धर्मच तो. लोक वळून बघू लागले. एका बाईने आपलं मूल जवळ ओढलं. भिरभिरी पळत सुटली आणि मी वाजत, ठेचकाळत, तिच्याबरोबर. घरी गप्प बसलो असतो मी. तिने दार लावून पाकीट रिकामं केलं असतं तरी मी कचेरीला कळवलं असतं, 'सगळं ठीक, बाई घरी आहे.' हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

मावशीने एका पायावर उड्या मारत दार उघडलं. तिने भिरभिरीचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवलं. गोळ्या संडासात गेल्या, वरून दोनदा पाणी. मग मावशीने अशा काही शिव्या दिल्या की मी वाजायचं विसरावं. आणि त्या शिव्या ऐकता ऐकता भिरभिरी मटकन फरशीवर बसली. म्हणाली, "तो म्हातारा पाणी मागायचा गं. गोळी मागायचा नाही, त्याला वाटायचं दिली आहे. मी नुसतं पाणी द्यायचे." मावशी तिच्याशेजारी, प्लास्टरचा पाय लांब करून, कशीबशी टेकली.

बाई आल्या तेव्हा त्यांचे बूट जिन्यावर जोरात वाजत होते.

"मला एकदाच फोन? पुन्हा का नाही केलास?"

"तुम्ही तुरुंगात पाठवाल. मावशी नुसत्या शिव्या देईल."

"तपासणी करावी लागेल," एवढंच बाई म्हणाल्या.

तिकडे ताई आणि मुलगी कुलूप लावलेल्या दारापाशी अंधार पडेपर्यंत बसून परत गेल्या होत्या. ताईने फोनवर एकच वाक्य टाकलं, "मला हेच वाटलं होतं."

प्रकरण न्यायाधीशांसमोर गेलं. भिरभिरीला सोपं होतं, 'मावशी पडली म्हणून धावले' असं म्हणता आलं असतं. प्लास्टर तर समोर दिसतच होतं! मावशी साक्षीला कुबड्या घेऊन आली होती. पण भिरभिरी उभी राहिली आणि पाकिटापासून सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. पाय जागचा हलला नाही. बाई म्हणाल्या, "पट्ट्याने सांगितलं ते खरं आहे. ही सांगतेय तेही खरं आहे. तपासणी स्वच्छ आहे." न्यायाधीशांनी तिला तुरुंगात न धाडता केंद्राकडेच ठेवलं. पण माझी मुदत वाढली, आणि लेकीचं रात्री राहणं लांबलं. ती रडली नाही. घरी आली आणि मला वीज पाजायला भिंतीशी बसली.

पुढे एका दुपारी ताई मुलीला घेऊन आली, तासाभरासाठी. मुलगी दाराशीच उभी राहिली. मग खाली बसून तिने मला बोट लावलं.

"कुत्र्याच्या पट्ट्यासारखा आहे."

"अगं!" ताई ओरडली.

"असू दे," भिरभिरी म्हणाली. "आहेच तसा."

"त्या दिवशी तू कुठे होतीस?"

ताईने विषय बदलायला तोंड उघडलं, पण भिरभिरी आधी बोलली. "मला गोळ्या सापडल्या होत्या. घरी आणल्या असत्या तर खाल्ल्या असत्या. म्हणून दुसरीकडे गेले."

"खाल्ल्यास?"

"नाही."

मुलगी माझ्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "मी जिन्यात बसले होते. खूप वेळ."

"हो बाळा. बसली होतीस."

'सॉरी' नाही, 'पण' नाही. मुलीने बोट काढलं नाही. ताई स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवत राहिली. त्या दिवसापासून मुलगी शनिवारी येऊ लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यात रात्री राहायला तिची गादीही आली.

मला कापलं तेव्हा कचेरीत सगळ्याच होत्या. घोट्यावर फिकं वळं उमटलं होतं. भिरभिरीने पहिलं पाऊल जरा जास्तच उंच उचललं, पाय हलका झाल्याची सवय नव्हती ना! मुलगी खदखदून हसली. त्या गेल्या. एकीनेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, आणि पाहू नयेच.

आता मी फळीवर आहे. बाईंनी मला पुसलंय, नवं रबर बसवलंय. बाहेरच्या बाकावर कोणी नवी बसली आहे. तिची टाच इथपर्यंत ऐकू येते. थोड्या वेळात आम्ही दोघं एकत्र बाहेर पडू. ती तुम्हाला रस्त्यात दिसेल. नजर माझ्याकडे गेली तर जाऊ द्या, पण मग वर तिच्या तोंडाकडे बघा आणि विचारा, "कुठे निघालीस?" ती कुठे आहे ते मी सांगू शकतो. हे मात्र तुम्हालाच विचारावं लागेल.