ठमीचा कॅमेरा

‘आई, तू मध्ये येऊ नकोस ना! मागे हो. अजून मागे.’

मी मागे सरकले ती थेट भिंतीला टेकले. आता काय भिंतीतून पलीकडे जाऊ? तेविसाव्या मजल्यावर पलीकडे नुसती हवा आहे, असं मी म्हणाले, पण आकांक्षाला हसू आलं नाही. लेक माझी तिकडे स्कॉटलंडला, फोनात डोकं घालून. मी इकडे नायगावला, स्टुलाला धरून. आणि टीव्हीच्या कपाटावर तो मुठीएवढा पांढरा कॅमेरा, तिने कुरिअरने पाठवलेला.

‘हां, बस बस! आता खिडकी दिसतेय, खुर्ची दिसतेय, ठमीची टोपली दिसतेय. परफेक्ट. आता त्याला हात लावू नकोस.’

‘आणि मी दिसतेय का गं?’

‘तुला कशाला दिसायचंय? नीट ऐक. ठमी जे करेल ते करू दे. बोलवायचं नाही, उचलायचं नाही, खायला रोजच्या वेळीच. एकदम नॅचरल. तू तिथे नाहीसच असं समज.’

घ्या! हे ही मला शिकवणार. उभा जन्म मी परळच्या इस्पितळात आया म्हणून काढला. मोठ्या डॉक्टरांची फेरी यायची, पलंगाच्या या बाजूला एक, त्या बाजूला दुसरा, आणि मधे मी भांडं धरून उभी. दोघं माझ्या डोक्यावरून बोलायचे. मी तिथे आहे हे फक्त पेशंटला ठाऊक असायचं. नसण्याची प्रॅक्टिस मला भरपूर आहे.

आकांक्षा तिकडे युनिव्हर्सिटीत प्राण्यांचं वागणं शिकते. जनावर काय करतं, का करतं, सुखात आहे की नाही, आणि त्याची जात टिकवायची कशी. लोक विचारतात, म्हणजे ढोरांची डॉक्टर ना? आधी मी समजावून सांगायचे, आता सरळ ‘हो’ म्हणते. शेवटच्या वर्षाचा प्रबंध तिने आमच्यावरच काढला, म्हणजे आमच्या मांजरांवर. बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये आलेली मांजरं नव्या घरात रुळतात का, हा विषय. चाळीतल्या चार-पाच घरांबरोबर मांजरं आली, त्या सगळ्यांकडे असा कॅमेरा बसला. माझ्याकडे ठमी.

चाळीत ठमी नावालाच माझी होती. तिथे दारं दिवसभर सताड उघडी. बाई सकाळी शेजारी कांताकडे बांगड्याचं डोकं खायच्या, दुपारी जाईबाईंच्या शिलाई मशीनखाली झोपायच्या, आणि रात्री उपकार केल्यासारख्या माझ्या पायथ्याशी यायच्या. आकांक्षाचे बाबा म्हणायचे, हिचं रेशनकार्ड सगळ्या मजल्याचं आहे. ते गेले आणि नवं घर राहिलं त्यांचं बघायचं. इथे दार सोडलं की आपलं आपण लागतं, धप्पकन. घरांच्या सोडतीत कांताला नववा मजला लागला, जाईबाईंना दुसरीच बिल्डिंग. माझ्या समोरच्या दाराला कायम कुलूप असतं. ठमी दिवसभर आमच्या दाराच्या फटीला नाक लावून बसते. ते दार पॅसेजच्या टोकाला, तिथवर कॅमेरा पोचत नाही.

कॅमेऱ्याला बारीक निळा दिवा आहे. तिकडून कोणी बघायला लागलं की तो लागतो. हे मला कळलं त्या दिवशी मी हातातलं काम टाकून दिव्याकडेच बघत बसले. माझी दुपार म्हणजे तिची सकाळ. चहा पिता पिता ती कॅमेरा उघडायची. फोन काय, रविवारचा, तोही ‘आई पटकन बोल’ असा. पण दिवा दुपारचा रोज लागायचा. म्हणजे माझी पोर रोज माझ्या घरात यायची.

मग काय, मी जेवण लवकर उरकायला लागले. केस विंचरायचे, इस्त्रीची साडी नेसायची आणि खुर्चीत बसायचं. एकदम नॅचरल! पण ठमी दाराशी असली की दिवा जेमतेम लागायचा आणि विझायचा. रिकाम्या टोपलीकडे ती कशाला बघत बसेल? टोपलीच्या बाजूला आई बसलीय, ते सोडा. मला भारी वाईट वाटायचं. मांजरीचा हेवा वाटायला लागला, या वयात.

तेव्हा मी सुकट भाजली. चिमूटभर फडक्यात बांधून खुर्चीच्या बैठकीखाली अडकवली. ठमी पॅसेजमधून अशी आली, की जणू माहेरहून बोलावणं आलंय. खुर्चीला अंग घासलं, वर उडी मारली, बैठक हुंगली आणि शेवटी दमून माझ्या मांडीवर मुटकुळं करून झोपली. दिवा लागला तो किती वेळ विझलाच नाही. मी मान ताठ ठेवून खिडकीबाहेर बघत होते, आणि आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. मग रोजच सुकट.

एकदा कांता वर आली. मला दुपारची नटलेली बघून दारातच थांबली.

‘काय गो, खंय लग्नाक चल्लंस?’

‘लेक बघता माका,’ मी कॅमेऱ्याकडे बोट केलं.

कांताने कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या ठमीकडे. ‘अगो, ती मांजर बघता. तुका न्हय,’ म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. कांताचं बोलणं असंच, सरळ नाकावर बसतं. पण ती वाईट नाही.

त्या रविवारी आकांक्षाचा आवाज लहानपणी पहिला नंबर आल्यावर यायचा तसा होता. ‘आई, ठमीने कमाल केली! बाकी सगळी मांजरं अजून दाराशी बसतात, खात नाहीत नीट. आणि ही एकटीच सेटल झाली. तुझ्याजवळ बसते, दार विसरली. मॅडम म्हणाल्या, हेच मेन फाइंडिंग कर. माणूस सोबत असला की मांजर दार विसरतं. मी सगळा चॅप्टर तिच्यावर लिहितेय. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मांडायचंय.’

‘अरे वा,’ मी म्हणाले.

रात्रभर ठमी दार खरवडत होती. विसरली म्हणे! माझी पोर तिकडे गोऱ्या मॅडमसमोर उभी राहून छातीठोकपणे खोटं सांगणार, आणि ते खोटं माझ्या फडक्यात बांधलेलं. उद्या कोणी त्यावरून म्हणेल, दारं बंद ठेवा, माणूस आहे ना घरात, झालं. न सांगितलं तर दिवा राहील. सांगितलं तर ठमी दाराशी जाईल आणि दिवाही जाईल. मी कूस बदलत राहिले. ह्यांचा फोटो समोर, पण ते काय बोलणार.

फोनवर मला जमलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी निळा दिवा लागला, तशी मी उठले आणि सरळ कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. मध्ये. मग खुर्ची उलटी केली. बैठकीखालचं फडकं सोडलं, उघडून कॅमेऱ्याला दाखवलं, आणि सुकट तिच्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात झाडली. झाकण घट्ट लावलं. ठमीने खुर्ची हुंगली, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि शेपटी खाली सोडून पॅसेजमध्ये निघून गेली.

फोन लगेच वाजला.

‘आई! हे कधीपासून चाललंय?’

‘जवळजवळ पहिल्यापासूनच.’

‘म्हणजे ठमीचं सगळं वाया गेलं! कळतंय का तुला? मी तुला सांगितलं होतं ना, मध्ये यायचं नाही? का केलंस असं?’

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मग म्हणाले, ‘ठमी नसली की तू दिवा घालवतेस.’

तिचा आवाज एकदम उतरला. म्हणाली, ‘आई, मला लेक्चर आहे गं. ठेवते.’

संध्याकाळी मेसेज आला. ठमीला अभ्यासातून काढलंय, बाकीच्यांवर लिहीन. मॅडमना खरं ते सांगितलं. कॅमेऱ्याचं आता काम नाही, प्लग काढून ठेवून दे. खाली एक छोटं लाल बदाम. बदामाचा अर्थ मी किती वेळ लावत बसले. रागावली असती तर दिलं नसतं, आणि रागावली नसती तर फोन केला असता. प्लगपर्यंत गेले, हात लावला, आणि म्हटलं, उद्या काढू.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेथी निवडायला खुर्चीत बसले. अंगावर घरातलीच विटकी साडी, केस तसेच बांधलेले. ठमी दाराशी. काम झालं की स्टूल घेऊन कॅमेरा उतरवायचा आणि ह्यांच्या चष्म्याच्या डब्याशेजारी ठेवायचा, असं ठरवलं होतं. जुडीचा दोरा सोडता सोडता सहज वर बघितलं, तर निळा दिवा लागलेला.

चुकून लागला असेल. टोपली रिकामी होती, खुर्चीखाली काही नव्हतं, ठमीचं शेपूटसुद्धा कुठे दिसत नव्हतं. आता विझेल, मग विझेल. दिवा तसाच.

हात हलवावा असं फार वाटलं. पण मी पुन्हा वर बघितलं नाही. मी तिथे नाहीच असं समजून पानं खुडत राहिले, काड्या एका बाजूला, पानं ताटात. डोळे भरून आले तरी पुसले नाहीत. जुडी संपली. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, दिवा होता.

निवडलेली मेथी मी काड्यांमध्ये परत कालवली, आणि पहिल्यापासून निवडायला घेतली.